घडी

त्रेसष्टाव्या मिनिटाला दिलदार तडवीला बाहेर बोलावलं.
स्कोअर एक-एक. ऊन अजून पाठीवरून उतरलेलं नाही.
तो चालत आला. धावत नाही, चालत,
पाळी सुटल्यावर शेडमधून माणूस येतो तसा.
अंगातली जर्सी काढली
आणि वॉल्टर सरांच्या मांडीवर ठेवली.

तेवढंच.
त्या तेवढ्यावर आज नववा दिवस
भुसावळात चहा उकळतोय.

'मस्ती आली त्याले,' सुपडू इंगळे म्हणतो,
'पाय सोन्याचा, मान लोखंडाची.
तीन कोच खाल्ले त्यानं, तीन!
तिन्ही वाईट आन हा एकटा चांगला,
असं कसं राह्यीन भो?'

'तीन सासवा खाष्ट निघत नाहीत का एकीले?'
हमीद पिंजारी गाळणी आपटतो.
त्याच्या थोरल्या बहिणीचं सगळ्यांना माहीत आहे,
म्हणून त्यावर कोणी हसत नाही.

फालक मास्तर शाळेतून नुकतेच उतरलेले,
बोटांना खडू तसाच.
'शिस्त पाहिजे,' म्हणतात,
आणि लगेच, जरा खालच्या आवाजात,
'पण जामनेरविरुद्धचा तो गोल...'
मग दोघेतिघे एकदम बोलतात तो गोल,
कॉर्नरजवळचा, तिघांना उभं ठेवून मारलेला,
टपरीवरच्या बरण्या सरकवून दाखवतात,
बिस्किटाची बरणी म्हणजे दिलदार,
आणि सुपडूच, तोच सुपडू,
बरणी हलवता हलवता रडवेला होतो.

'मंग अशा पोराले बाहेर कायले काढतं कोनी?'
'पास देत नव्हता.'
'देईन कोनाले? त्या झोप्याच्या पोराले?'
'सरांनी मागच्या सामन्यात सगळ्यांदेखत झापलं होतं.'
'मंग झापू नाही? बाप मारत नाही का?'
'बापानं मारलं म्हनून तर
यावलहून इथं खेळाले आला तो.'

केळीचा एक ट्रक जातो. धूळ बसेपर्यंत सगळे गप्प.

मग माझ्याकडे वळतात.
मी एकतीस वर्षं यार्डात झेंडी दाखवली,
सांगितली तेव्हा, सांगितली तिकडं.
आता रविवारी लाईनवर तेच करतो.
'तू तं दोन हातांवर होता.
खरं सांग. फेकली का ठेवली?'

'ठेवली.'
'मंग झालं!' हमीद म्हणतो.
'घडी घालून ठेवली.'

हे मी सांगायला नको होतं.
कारण आता सुपडू उठून उभा राहिला:
'फेकली असती तं राग म्हनलो असतो.
घडी घातली म्हंजे राजीनामा!'
मास्तर म्हणाले, संस्कार.
हमीद म्हणाला, घामाची जर्सी कोणी घडी घालतं का,
कापूस पिंजणाऱ्याला विचारा कापडाचं,
ओली घडी वास धरते.

मला माझा शेवटचा दिवस आठवला.
लाल आणि हिरवी, दोन्ही झेंड्यांच्या घड्या
स्टोअरच्या खिडकीतून आत सरकवल्या होत्या.
बाबूनं वर न बघता सही घेतली.
कोनाला कोन जुळवून घातलेल्या घड्या.
मी रागावलो होतो का?
अजून ठरत नाही.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही,
नवव्या दिवशीही नाही.
एक्क्याऐंशीव्या मिनिटाला गोल झाला, आपला,
सगळा बाक उठला, पाण्याच्या बाटल्या उडाल्या,
पाण्याचं पोरगंसुद्धा मैदानात शिरलं.
वॉल्टर सर उठले नाहीत.
मांडीवर जर्सी होती.
दोन्ही हात तिच्यावर, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावेत तसे,
आणि नजर गोलकडे नाही,
कुंपणापलीकडच्या सायकलींच्या रांगेकडे,
जिथं एक जागा रिकामी झाली होती.

हे सांगितलं तर
उद्या सगळे सरांवर बोलतील.

'रविवारी चाळीसगाव आहे,' कोणीतरी म्हणालं.
'येईन का तो?'
'बोलावतील का ते?'
हमीदनं ग्लास मोजले.
अकरा. पैसे दिले सातांचे.
आता त्यावर सुरू झालं.